अण्णांची न वळणारी मान

अण्णांना मागून कुणी हाक मारली की ते नुसती मान वळवत नसत, अख्खेच्या अख्खे वळत. आधी पाय, मग कंबर, मग खांदे, आणि या सगळ्या लवाजम्याच्या शेवटी मान. जड कपाट कोपऱ्या-कोपऱ्यानं फिरवावं तसा तो प्रकार होता. घरातल्यांना वाटे, वय झालं, माणूस सावकाश झाला. अण्णाही तसंच वाटू देत. खरी गोष्ट ही होती की त्यांची मान आणि दोन्ही खांदे आखडून दगड झाले होते, आणि हे त्यांच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायकोला तरी का ठाऊक? तर स्वतःच्या पाठीला मलम चोळायला स्वतःचा हात पुरत नाही म्हणून! न्हाणीघराचं दार लावून हा उद्योग चाले. मग मलमाचा वास घरभर पसरे आणि अण्णा म्हणत, "डासांसाठी लावलंय."

"डास मानेलाच चावतात का हो, बाबा?" मुलगी विचारी.

"काही डास चोखंदळ असतात," असं म्हणून अण्णा वर्तमानपत्रात तोंड खुपसत.

तुम्ही म्हणाल, एवढी लपवाछपवी कशाला? दुखतंय तर दुखतंय म्हणावं की सरळ! मंडळी, तुमच्या-माझ्या घरात तरी ते इतकं सोपं असतं का? अण्णांची मुलगी बापावर जीव टाकणारी होती. विमा कंपनीतली नोकरी आणि घर दोन्ही तीच ओढत होती. पण तिची माया यायची ती बंदीच्या वाटेनं. अण्णा एकदा शिडीवरून उतरताना जरा लडखडले, तर तिनं शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. संध्याकाळचं थोडं अंधुक दिसतं म्हणाले, तर स्कूटर गेली. "या वयात कशाला?" हे तिचं पालुपद होतं.

उरली होती ती फक्त सायकल. अण्णांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली होती. खाली मान घालून दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन सायकलवर बसले तेव्हा कुठे त्यांना झाडांचे शेंडे दिसले, माणसांचे चेहरे दिसले. ही सायकलही गेली तर आपण खिडकीतल्या खुर्चीतच संपणार, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून ते दुखणं गिळत राहिले.

सकाळी तळ्याकाठी त्यांच्यासारख्याच निवृत्तांचं सायकल मंडळ जमे. पुढे असत कॅप्टन. जन्मभर बँकेच्या खिडकीआड नोटा मोजलेल्या या गृहस्थांचा जहाजाशी काडीचा संबंध नव्हता, पण आवाज असा की समुद्रानंही ऐकावं. मध्ये बाकीची मंडळी, त्यांत शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. आणि सगळ्यांत शेवटी जो असेल त्याच्याकडे 'राखण'. वळण आलं की राखणीच्या माणसानं मागे वळून रस्ता बघायचा आणि ओरडायचं, "मोकळा!" मग बाकी कुणीही मागे न बघता अख्खी रांग वळे. राखण पाळीपाळीनं सगळ्यांकडे येई. एकमेकांवरचा विश्वासच तो. त्याच्यावर मंडळ चालत होतं.

त्या सकाळी राखण अण्णांकडे होती. पुलाच्या अलीकडचं वळण आलं, कॅप्टननी हात वर केला. अण्णांनी मागे बघायचं सोडून कान टवकारले. कित्येक महिने ते असंच करत होते. इंजिनाचा आवाज आला तर "थांबा", नाही आला तर "मोकळा". मान वळतच नव्हती, तर करणार काय! आजही काही ऐकू आलं नाही.

"मोकळा!"

रांग वळली, आणि त्याच क्षणी लाँड्रीची छोटी पांढरी गाडी, विजेवर चालणारी, आवाज म्हणून न करणारी, अण्णांच्या शेजारून पुढे आली. ब्रेक करकचले. बाईंनी घाबरून हँडल फिरवलं आणि त्या सायकलसकट रस्त्यावर आपटल्या.

नशीब म्हणून जिवावरचं मनगटावर निभावलं. गाडीचा ड्रायव्हर उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका, मी हळूच येत होतो हो. तुम्ही सगळे एकदम वळलात..."

"वर तोंड करून बोलतोस?" कॅप्टन कडाडले. "उद्याच तुझ्या मालकाला भेटतो!"

"साहेब, तसं नका करू. मालक पहिल्याच तक्रारीला घरी बसवतो. माझी लेकरं लहान आहेत."

कॅप्टन अण्णांकडे वळले. "अण्णा, राखण तुमच्याकडे होती. तुम्ही नीट बघितलं होतं ना?"

अण्णांनी मान डोलावली. काय पण मान! मागे वळून बघायला जी जागची हलत नव्हती, ती खोट्याला होकार द्यायला बरोबर हलली.

दुपारी अण्णा ताटातला भात नुसता चिवडत बसले. बायकोनं ताट बाजूला सारलं आणि समोर बसली. "अहो, खरं काय झालं ते सांगा."

अण्णांनी सांगितलं. मग म्हणाले, "हे बाहेर फुटलं तर सायकल गेली समज."

"आणि नाही सांगितलं तर त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय आला समजा," बायको म्हणाली. "मी आजवर मलम चोळत गप्प बसले, तीही चूकच झाली. उठा, आधी बाईंकडे जा."

बाई खुर्चीत बसल्या होत्या, मनगटाला प्लॅस्टर होतं. अण्णा उंबऱ्यातच उभे राहून बोलले, एका दमात. "बाई, मी मागे बघितलंच नव्हतं. माझी मान वळत नाही. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे."

बाईंनी चांगल्या हातानं समोरची खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "बसा. मीही तुम्हाला एक सांगते. गाडी ज्या बाजूनं आली, त्या कानानं मला हल्ली ऐकू येत नाही."

"काय सांगता!"

"सुनेला कळलं तर रस्त्यावर एकटीला सोडणार नाही, म्हणून बोलले नाही. म्हणजे बघा अण्णा, तुम्ही डोळ्यांचं काम कानांवर ढकललंत आणि मी कानांचं काम तुमच्यावर! कॅप्टनच्या गुडघ्याचं काय चाललंय देव जाणे, परवा चढावर सायकलची साखळी पडल्याचं नाटक करून खाली उतरले." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "दुखणं लपवलं की ते आपल्यापाशीच राहील असं आपल्याला वाटतं. ते कुठलं राहतंय! ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडतं. आज माझ्या मनगटावर पडलं, उद्या त्या ड्रायव्हरच्या घरावर पडेल. चला, मी येते तुमच्याबरोबर. तुमच्या मुलीशी बोलायलाच हवं."

मुलगी नुकतीच कामावरून आली होती, खांद्याची पिशवीही उतरवलेली नव्हती. सगळं ऐकल्यावर ती मटकन बसली आणि दुसऱ्या क्षणी ताडकन उठली. "बस्स झालं, बाबा! उद्यापासून सायकल बंद. कुलूप घालते आणि किल्ली माझ्याकडे ठेवते. या वयात कशाला हवंय हे सगळं?"

अण्णा बायकोकडे बघून म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी?"

"बाळ, रागावू नकोस," बाई म्हणाल्या. "एक विचारते. तुझ्या वडिलांनी हे तुला महिनोन् महिने का सांगितलं नाही?"

"तेच तर! मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर सांगितलं असतं! वाटेत त्यांनी मला सगळं सांगितलं. शिडीवर तोल गेला, शिडी गेली. डोळ्यांचं सांगितलं, स्कूटर गेली. तेव्हा तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण 'दुखतंय' म्हटलं की दर वेळी काहीतरी हिरावून घेतलं जात असेल, तर माणूस 'दुखतंय' म्हणणं सोडून देतो. दुखणं काही सोडून जात नाही! लहान मुलाला काही झालं तर आपण विचारतो, कुठे दुखतंय, कसं दुखतंय. म्हाताऱ्या माणसाला काही झालं की आपण विचारत नाही, निकाल देतो."

मुलीचे डोळे भरून आले. "मला भीती वाटते हो, बाई. बाबांना काही झालं तर?"

"मग तेवढंच म्हण की त्यांना! 'बंद' का म्हणतेस?"

मग मुलगी अण्णांपाशी आली आणि त्यांच्या मानेवर हात ठेवला. "अगंबाई! हे तर लाकूड झालंय!" तिच्या तोंडून निघून गेलं. "इतकं दुखत होतं, बाबा? आणि मी डासांवर विश्वास ठेवला!"

अण्णांना हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी अण्णांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. एकही शब्द अडखळला नाही. लाँड्रीच्या मालकाकडे जायला निघालेले कॅप्टन जागच्या जागी थबकले. वाटलं, आता तोफ डागणार! पण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझाही गुडघा... म्हणजे ती साखळी कधी पडतच नव्हती." मग सगळे मिळून लाँड्रीपाशी गेले, ते तक्रार करायला नव्हे. कपड्यांची गाठोडी गाडीत चढवणाऱ्या त्या ड्रायव्हरची अण्णांनी हात धरून माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्यानंच उलट अण्णांची माफी मागून टाकली.

त्याच आठवड्यात मुलगी रजा काढून अण्णांना सायकलसकट फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. ती तरुण फिजिओथेरपिस्ट मोठी खटपटी निघाली. अण्णांची मान तपासून झाल्यावर म्हणाली, "आता सायकल आत आणा." मुलीनं सायकल भिंतीला टेकवून धरली आणि अण्णा वर चढून बसले.

"हँडल इतकं खाली कुणी केलं, आजोबा?"

"मीच. तरुण पोरं तसंच ठेवतात. उंच हँडल म्हणजे म्हाताऱ्याची सायकल."

"मग ही कुणाची आहे?" मुलीनं मागून विचारलं, आणि अण्णा चक्क लाजले.

"इतकं वाकून बसलं की समोरचं दिसायला मान मागे मोडून धरावी लागते," फिजिओथेरपिस्ट सांगू लागली. "त्यात हेल्मेटचा हा एवढा मोठा छज्जा कपाळावर आलेला. तो चुकवायला हनुवटी आणखी वर. खांदे कानांना टेकलेत, कोपरं काठीसारखी ताठ, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट मानेत!"

"ते हेल्मेट मीच आणलं," मुलगी हळूच म्हणाली. "बाबांना ऊन लागू नये म्हणून."

तिथल्या तिथे हँडल वर आलं आणि अण्णांच्या जवळही आलं. छज्जा निघाला. कोपरं सैल ठेवायची, मूठ आवळायची नाही, हातांची जागा बदलत राहायची आणि अधूनमधून उतरून खांदे फिरवायचे, असं ठरलं. घरी रोज मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवायची, हनुवटी अलगद आत घ्यायची, कुठेही झटका द्यायचा नाही. हातांना मुंग्या आल्या किंवा हात बधिर वाटला, तर अंगावर न काढता लगेच यायचं. हँडलला आरसा बसला. "पण आरसा मदतीला आहे हं," फिजिओथेरपिस्ट बजावून म्हणाली. "मान पुरेशी वळेपर्यंत राखण करायची नाही."

मान काही जादूनं सुटली नाही. सुटली ती सावकाश, कधी पुढे तर कधी मागे. दरम्यान मंडळात एक नवी रीत पडली. निघण्याआधी प्रत्येकानं आज आपलं काय दुखतंय ते सांगायचं, आणि त्याप्रमाणे जागा ठरायच्या. प्लॅस्टर निघाल्यावर बाईही परतल्या, कानात यंत्र लावून! सून स्वतः त्यांना तळ्यापर्यंत सोडायला आली होती.

आणि एके दिवशी राखण पुन्हा अण्णांकडे आली. पुलाच्या अलीकडचं तेच वळण. कॅप्टननी हात वर केला. अण्णांनी आरशात बघितलं, मग मान वळवली. बरीच वळली, पण झाडाआडचा रस्ता काही दिसेना. सगळे त्यांच्या शब्दाची वाट बघत होते.

"मला नीट दिसत नाही! थांबा!" अण्णा खणखणीत आवाजात ओरडले.

अख्खी रांग थांबली. कुणी हसलं नाही, कुणी वय काढलं नाही. झाडाआडून लाँड्रीची पांढरी गाडी आली आणि आवाज न करता शेजारून निघून गेली. जाता जाता ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवला.

वाचकहो, "मला जमत नाही" हे म्हणायला लाज वाटू नये असं घर आणि असा शेजार आपण म्हाताऱ्या माणसांना देतो का? आणि म्हाताऱ्या माणसांनो, तुम्ही आपलं दुखणं वेळेवर बोलता का? आपल्या माणसाचं दुखणं कळलं, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा. बंदी घालायला कुलूप पुरतं, पण सांभाळायला माणूस लागतं.

हल्ली अण्णा सायकल बाहेर काढतात तेव्हा मुलगी दारात येऊन विचारते, "बाबा, आज काय दुखतंय?"

परवा अण्णांनी सांगून झाल्यावर सहज विचारलं, "आणि तुझं गं?"

दिवसभर कॉम्प्युटरपुढे आणि त्यानंतर ओट्यापुढे वाकणारी ती मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"खांदे," ती म्हणाली. "खूप दिवसांपासून."

अण्णांनी सायकल भिंतीला टेकवली. "ये इकडे," ते पायरीवर बसत म्हणाले, "आधी खांदे कानांपासून खाली घे."