आईंच्या नावाच्या गोळ्या

बाळ झोपलं की तूही झोपत जा, हा सल्ला सुनेला इतक्या जणांनी दिला होता की तो ऐकता ऐकताच तिची झोप उडाली असती. पण ती त्याच्या आधीच उडाली होती. तिची तान्ही लेक ठकी झोपली की ही पावडरच्या डबीतला आरसा तिच्या नाकाशी धरायची. आरशावर वाफ धरली की हुश्श व्हायचं, आणि आरसा पुसेपर्यंत पुन्हा वाटायचं, आणि आता?

एवढ्यावर भागलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण एका दुपारी ठकीला कडेवर घेऊन गॅलरीत कपडे वाळत घालताना तिच्या मनात आलं, हात सुटला तर? आणि त्याच्या पाठोपाठ, मीच सोडला तर? ती ओले कपडे तसेच टाकून आत आली, दाराला कडी घातली आणि दिवेलागणीपर्यंत गॅलरीकडे पाठ करून बसून राहिली. मग तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. हे नवऱ्याला सांगितलं.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. अडकलेली माणसं बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा होता. मात्र माणूस लोखंडी पेटीत अडकलेला असावा लागे. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला, "तू जास्त विचार करू नकोस" म्हणाला आणि हात धुवायला म्हणून उठला तो थेट आईला जाऊन सांगून आला.

दुसऱ्या दिवशी गॅलरीला कुलूप लागलं. ठकी आता आईकडे यायची ती अंगावर प्यायला तेवढी, आणि तेव्हाही समोर कोणीतरी बसलेलं असायचं, बँकेच्या रखवालदारासारखं. सुरी फडताळाच्या वरच्या फळीवर गेली. सुनेने कांदा मागितला की चिरूनच मिळायचा.

सासूबाईंचा पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग होता. सगळी वस्ती त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. "चुकलेली शिलाई उसवता येते, चुकलेलं कापड नाही," हे त्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगत, आणि आपली मोठी कात्री कोणाच्या हाती देत नसत. सुनेच्या बाबतीत आता त्यांची धाकटी बहीण कापड बेतायला बसली होती. ही नवऱ्याची मावशी. कुटुंबातले सगळे निर्णय तिच्याकडून तयार होऊन यायचे.

"महिनाअखेरीस येते आणि ठकीला माझ्याकडे नेते," मावशीने फोनवर सांगितलं. "वरच्या दुधावर काय मुलं वाढत नाहीत? हिला बरं वाटलं की आणू परत."

बरं वाटलं हे ठरवायचं कोणी, ते सुनेने विचारलं नाही. तोपर्यंत बरं व्हायचं, एवढंच तिने मनाशी धरलं. पण बरं व्हायचं म्हणजे कोणाच्या दारात जायचं, हे काही तिला ठरवायचं नव्हतं.

आधी तिला श्वासगुरूंकडे नेलं. त्यांचा हॉल चपलांच्या दुकानाच्या वर होता, त्यामुळे चपला नेमक्या कुठे काढायच्या याचा सदोदित घोळ व्हायचा. गुरूंनी डोळे मिटून तिच्या नाकाशी कान नेला, बराच वेळ ऐकलं आणि निदान केलं.

"श्वास डाव्या नाकपुडीत अडकलाय. शिक्षण किती?"

"पदवीपर्यंत," सासूबाई जरा ओशाळून म्हणाल्या.

"तरीच. वाचताना माणूस श्वास धरून ठेवतो. तो साठत जातो. मुलं झाल्यावर बाहेर पडायला बघतो." गुरूंनी डोळे उघडले. "उजव्या कुशीवर झोपायचं."

"पण मला झोपच लागत नाही," सून म्हणाली.

"मग उजव्या कुशीवर जागायचं."

ती उजव्या कुशीवर जागली. डाव्या नाकपुडीत कापसाचा बोळा घालून घरभर फिरली. फायदा एकच झाला, तो बोळा बघून ठकी खुदुखुदु हसली. मग एका सकाळी सुनेने बोळा काढून टाकला आणि पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "आई, मला मनाच्या डॉक्टरकडे जायचंय."

शिलाई मशीन थांबलं.

"वेड लागलंय का तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच विचारायला जायचंय."

नवरा तिथेच मोजे चढवत होता. तो दोन्ही मोजे एकाच पायात घालता घालता राहिला. सासूबाईंनी मात्र थोडा वेळ कापडावर खडू फिरवला, आणि त्यांचा बेत ठरला.

"जा. पण नंबर माझ्या नावाने लावायचा. तरुण बाईच्या नावाला एकदा डाग पडला की धुवून जात नाही. उद्या ठकीच्या शाळेत पोरं म्हणतील, हिची आई तसली. माझं काय? या वयात मनाचं दुखणं म्हटलं तरी लोक गुडघ्याचंच समजतील."

"आई किती मोठ्या मनाची आहे बघ," नवरा म्हणाला. प्रश्न सुटला की तो असाच हळवा व्हायचा.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एकही रोगी नव्हता. जो तो कोणाला तरी सोबत म्हणून आलेला. एक गृहस्थ एकटेच बसले होते, पण तेही सोबत म्हणूनच आले होते. काउंटरवरच्या मुलीने सासूबाईंचं नाव पुकारलं आणि सून उठली. क्षणभर तिला वाटलं, आपण आत जाऊन कोणाच्या तरी बाहीची चूक काढणार.

डॉक्टरीणबाई वयाने पोक्त होत्या. त्यांनी टेबलावरचं घड्याळ आपल्याला दिसणार नाही असं फिरवून ठेवलं आणि विचारलं, "तो विचार आला की तुम्ही काय करता?"

"पळते. कडी घालते. बाळाला खाली ठेवते."

"म्हणजे जपता." त्या काही लिहिता लिहिता थांबल्या. "असे विचार पुष्कळ आयांना येतात. बोलत कोणी नाही. या विचाराने तुम्ही इतक्या हादरता, कारण तसं काही व्हावं अशी तुमची इच्छाच नाही. तुम्हाला आजार झालाय, वाईट आई नाही झालात. औषध देते, अंगावर पाजत असाल तरी चालणारं. आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं."

इतकं सरळ तिच्याशी कित्येक महिन्यांत कोणी बोललं नव्हतं. ती ढसाढसा रडली. डॉक्टरीणबाई सासूबाईंच्या नावाने तिची समजूत घालत राहिल्या.

गोळ्या आणायला सासूबाई जातीने गेल्या. औषधवाला त्यांच्याच इमारतीखालचा. त्याने चिठ्ठीवरचं नाव वाचलं, मग मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या काउंटरवर वाकून कुजबुजल्या, "कोणाला बोलू नका हं."

हे त्या म्हणाल्या नसत्या तर तो पुडी बांधून विसरूनही गेला असता.

दोन-चार दिवसांत शिवणाच्या वर्गाला मुलींबरोबर त्यांच्या आयाही येऊन बसू लागल्या. "सहज आले," म्हणायच्या आणि मास्तरीणबाईंच्या हातांकडे बघत राहायच्या. कापड कापायची वेळ आली की एखादी पुढे व्हायची, "तुम्ही नुसतं सांगा हो, कात्री मी धरते." कॉलर का बिघडली म्हणून त्या एका मुलीवर डाफरल्या, तर तिच्या आईने मुलीला जवळ ओढलं आणि हलकेच म्हणाली, "काही मनावर घेऊ नकोस, त्यांना बरं नाहीये." एकीने बातमी आणली, की श्वासगुरूंनी म्हणे पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, अडकलेला श्वास सुनेचा नव्हताच, शेजारी बसलेल्या सासूचा होता.

कळस नवऱ्याने केला. एका सकाळी मोठी कात्री जागेवर नव्हती. ती त्याच्या हत्यारांच्या पेटीत निघाली, पान्ह्याच्या खाली.

"अरे, तुला तरी माहितीय ना खरं काय ते?" सासूबाई म्हणाल्या.

"माहितीय गं. पण लोक येतात-जातात. बरं दिसत नाही."

इकडे गोळ्या आपल्या गतीने काम करत होत्या, कोणाच्या नावाच्या आहेत हे न विचारता. सून पूर्ण बरी झाली नव्हती. पण एका दुपारी ती ठकीच्या शेजारी डुलकी घेऊन उठली, आणि आरसा दिवसभर डबीतच राहिला हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात महिना संपला आणि मावशी आली. हातात दुधाची बाटली, दुधाच्या पावडरचा डबा आणि रिकामी पिशवी. सासूबाई ठकीला मांडीवर घेऊन रिळाशी खेळवत होत्या.

"ताई, दे तिला इकडे," मावशी बहिऱ्याशी बोलावं तशी एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

"का?"

"दे म्हटलं ना. तू पाय वर घेऊन बस बघू निवांत."

"अगं, मला काय धाड भरलीय?"

"मला कळलंय सगळं. लाजायचं काय त्यात? आपल्या आजीचंही असंच होतं, तेव्हा फक्त गोळ्या नव्हत्या." मावशीने ठकीला उचलूनही घेतलं.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. गोळ्या हिच्या आहेत, एवढं म्हटलं की त्या सुटत होत्या. वर्ग, कात्री, अब्रू, सगळं परत. आणि ते म्हटलं की ठकी मावशीच्या पिशवीबरोबर जात होती. सुनेला त्यांच्या ओठांवर आलेलं वाक्य दिसलं. तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. सासूबाईंनी समोरच्या उशीतल्या टाचण्या काढल्या, कापड टाचताना धरतात तशा ओठांत धरल्या, आणि मान खाली घालून बाही टाचायला लागल्या.

ते सुनेला बघवलं नाही.

"मावशी, गोळ्या माझ्या आहेत," ती म्हणाली.

मावशी बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"ऐकलंस, ताई? अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. तुझी लाज स्वतःच्या पदरात घेतेय."

"नाही हो, खरंच माझ्या. रोज सकाळी मीच घेते."

"घेत असशील गं बाई. तिने घ्याव्यात म्हणून आधी घेऊन दाखवत असशील." मावशी भाच्याकडे वळली. "काय रे, बोल की तू."

भाचा लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकलीय याचा कानोसा घ्यावा तसा छताकडे बघत होता. "तसं बघायला गेलं तर..." म्हणून त्याने खिशातला न वाजलेला फोन कानाला लावला आणि गॅलरीकडे निघाला. तिथे कुलूप होतं.

"कळलं," मावशी म्हणाली. "मग मी नेतेय कशाला हिला? आई धडधाकट असताना लेकरू तोडू नये. मी उगाच हिच्यावर संशय घेतला." तिने ठकीला सुनेच्या हातांत दिलं. "तूच सांभाळ. ताईच्या हाती मात्र एकटी देऊ नकोस. आणि ती गॅलरी उघडा रे, किती कोंदट झालंय."

कुलूप निघालं. मावशी चहा पिऊन, दुधाचा डबा तेवढा ठेवून, रिकाम्या पिशवीने परत गेली. नवरा तिला सोडायला गेला. अशा वेळी तो फार तत्पर असायचा.

सून ठकीला घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यात उभी राहिली. समोरची दोरी वाऱ्याने हलत होती. विचार आला. यायचाच तो. ती पळाली नाही, कडीही घातली नाही. ठकीने तिचा कान पकडून ओढला, आणि तो दुखला, चांगलाच दुखला. थोड्या वेळाने विचार कुठे गेला ते कळलं नाही. परत येईल, डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं.

आतून सासूबाईंची हाक आली. टाचण्या आता उशीत परत गेल्या होत्या.

"मला कात्री दे," त्या म्हणाल्या. "हे कापड कधीचं पडलंय."

सुनेने नवऱ्याची पेटी उघडली, पान्हा बाजूला केला आणि कात्री आणून त्यांच्या हातात दिली.

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मला सगळ्याचीच वाटते."

सासूबाईंनी कात्रीची धार अंगठ्यावर बघितली. मग खाली बघूनच विचारलं, "सगळे जण हातांकडेच बघत राहतात. तुलाही असंच वाटायचं?"

"हो."

"आणि मीच बघत बसायचे."

ठकीने कापडाचं टोक तोंडात घातलं होतं. ते सासूबाईंनी काढून घेतलं, पण तिला घेतलं नाही. तिच्या आईकडेच राहू दिलं.

"पुढचा नंबर तुझ्या नावाने लाव," त्या म्हणाल्या. "उघड. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"लावते. तुमचं नाव काढून टाकायला सांगू?"

सासूबाईंनी खडूच्या रेघेवर कात्री लावली आणि सरळ कापत गेल्या. मशीनपाशी जागून रात्री काढल्या होत्या त्यांनी, सासरे वारल्यापासून. मुली म्हणायच्या, मास्तरीणबाई किती कष्टाळू.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बोभाटा झालाच आहे, तर मलाही जरा झोप येऊ दे."