बटणाची मोटर

लाल दोरी—टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळी, टोकाला प्लॅस्टिकचा चाप—तिनं मनगटात अडकवली, काढली, पुन्हा अडकवली. माणूस पाण्यात पडला तर ही दोरी मोटरमधून सुटते आणि मोटर आपोआप बंद होते, असं काल होडीला मोटर बसवताना मेकॅनिकनं दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना तो तिच्याकडे नाही, तिच्या नवऱ्याकडे बघत होता. त्याची तरी काय चूक... बाई मोटर घ्यायला आली की तिच्यामागे कुणीतरी पुरुष उभा असणारच असं लोक धरून चालतात, आणि तो उभा होताही—उजवा हात खिशात, कारण तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. पण मोटर मी घेतली. चार वर्षं एकटीनं होडी चालवून, एकटीनं जाळी ओढून, मी.

“वहिनी, आता पंखही लावून घ्या होडीला,” शेजारच्या होडीतून रडार म्हणाला. कुणाला किती मासळी लागली हे होडी धक्क्याला टेकायच्या आत त्याला ठाऊक असतं, म्हणून तो रडार.

“तुम्ही आधी तुमच्या होडीतलं पाणी उपसा,” ती म्हणाली.

तो हसला, पण हलला नाही. धक्क्यावरचे आणखी दोघंतिघं हातातलं काम तसंच ठेवून थांबले होते. बघू देत.

चार वर्षांपूर्वीही ते असेच थांबले होते. जुनं इंजिन दोरी ओढून सुरू व्हायचं, म्हणजे मर्जी असली तर व्हायचं, आणि ती पहिल्यांदा एकटी निघाली त्या सकाळी तिनं ती दोरी एकवीस वेळा ओढली होती. मागे कुणीतरी मोजत होतं. तोंडानं नव्हे, पण आपल्याला मोजलं जातंय हे पाठीला कळतं... बाविसाव्या वेळी ते खोकलं, धूर ओकलं आणि चाललं. तळहाताची साल निघाली होती. घरी तिनं हात दाखवला नाही, नवऱ्याला तर नाहीच, कारण त्याचा खांदा याच दोरीनं खाल्ला होता—वारा सुटलेला, होडी खडकांकडे सरकत चाललेली, तो ओढतोय, ओढतोय, आणि समोर जाळं धरून बसलेल्या तिला ओली फांदी मोडावी तसं काहीतरी ऐकू आलं. पुढची ओढ त्यानं डाव्या हातानं मारली. इंजिन लागलं. दोघं घरी आली. त्यानंतर तो होडीत चढला नाही.

तिनं बटण दाबलं.

काहीच झालं नाही असं वाटलं. मग मोटरच्या कुशीतून पाण्याची बारीक धार पडताना दिसली—ही धार दिसली म्हणजे सगळं ठीक, असं मेकॅनिक म्हणाला होता—आणि होडी सुटली. तिनं मागं वळून रडारचं तोंड बघितलं नाही. बघायची इच्छा मात्र झाली, खोटं कशाला बोलू.

नवी मोटर, म्हणून पहिले दहा तास वेगाची मूठ अर्ध्याच्या वर पिळायची नाही, असं बजावलेलं. ती अर्ध्यावरच राहिली, आणि तरीही जिथं भरतीच्या ओढीत जुनं इंजिन नुसतंच ओरडायचं आणि होडी जागच्या जागी, ती वळणाची जागा केव्हा मागे गेली ते कळलंसुद्धा नाही. त्यापलीकडच्या उथळावर तिनं आजवर फक्त मोठ्या होड्या पाहिल्या होत्या, लांबून. आज तिथं तिनं जाळं टाकलं. जाळं वर आलं तेव्हा पाठीच्या मणक्यांनी त्याचं वजन ओळखलं. ती एकटीच “चला” म्हणाली, आणि दचकली, कारण मोटर चालू होती आणि तरी तिचा आवाज तिला ऐकू आला. नवऱ्याबरोबर ती सोळा वर्षं या होडीत बसली; तेवढ्या वर्षांत दोघं बोलली ती हातांनी, मानेनं. त्या इंजिनाच्या धडधडीत शब्द टिकायचेच नाहीत. काय काय बोलायचं राहिलं असेल... की बोलण्यासारखं काही नव्हतंच, आणि इंजिनानं आमची लाज राखली?

दुपार व्हायच्या आत ती मासळी उतरवून घरी आली. दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता, मान बाहेर काढून, पाण्याकडे कान देऊन. चहाचं भांडं शेगडीवर, पण शेगडी बंद.

“अहो.”

तो दचकून वळला. “आलीस? कधी?”

“मघाशीच. मासळी उतरवून झाली.”

“मला कळलंच नाही.” तो शेगडीकडे वळला, डाव्या हातानं काडी ओढू लागला. “ते जुनं इंजिन खडकांना वळसा घालून आलं की इथं ऐकू यायचं. मग मी चहा ठेवायचो. तू दारात पाय ठेवायचीस तेव्हा उकळलेला असायचा.”

चार वर्षं ती तो गरम चहा प्यायली होती आणि त्याला वेळेचा अंदाज चांगला आहे एवढंच समजली होती.

“चालते कशी?” त्यानं विचारलं.

“पलीकडच्या उथळावर गेले होते.”

काडी पेटली. त्यानं ती भांड्याखाली धरली, आणि मग, पाठमोराच, म्हणाला, “तिथं मी कधी पोचलो नाही.” त्या आवाजात कौतुक होतं. स्वच्छ, हातचं न राखलेलं. सकाळपासून आपण याचीच वाट बघत होतो हे तिला आत्ता कळलं, आणि ते मिळाल्यावर वाटायला हवं होतं तेवढं काही वाटलं नाही, हेही.

“एक भोंगा बसवून घे तिला,” तो म्हणाला. “वळसा घातलास की वाजव. मला कळेल.”

साधी गोष्ट होती. उद्याच बसवता आला असता. पण तिच्या डोळ्यांपुढे आला तो परतीचा खडकांचा वळसा—ती वळली होती, आणि किनाऱ्यावर कुणालाच पत्ता नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुठं आहे हे फक्त तिला ठाऊक होतं. तेव्हा तिथं तिनं मूठ सैल केली होती. कारण काहीच नव्हतं. होडी थोडा वेळ नुसती तरंगू दिली होती. हे त्याला सांगायचं की नाही... आणि सांगायचं तर कोणत्या शब्दांत.

“बघू,” ती म्हणाली, आणि त्या शब्दात इतकं सुख असेल हे तिला ठाऊक नव्हतं. त्याची तिला जराशी भीती वाटली. तिनं दोन कप घेतले आणि ते स्वच्छ असूनही पुन्हा विसळायला लागली.