ज्या दिवशी स्विच पडला नाही

“मी शनिवारी येतो. तोवर टब बंद ठेवा. कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका,” वायरमनने फोनवर दोनदा सांगितलं होतं. चिमणीच्या आईने फोन मानेत धरला होता आणि कडेवर चिमणी रडत होती. “हो हो, बघते,” ती म्हणाली, आणि विसरली. घरात कोणाला काही बोललीच नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे. चिमणीच्या घरी मागच्या गच्चीत पंपाने बुडबुडे सोडणारा गरम पाण्याचा टब आहे; त्याला जो हीटर आहे, त्याच्या पोटात मी राहायचे. माझ्या आत वीज, बाहेर पाणी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हे माझं काम.

टब घेतला तो चिमणीच्या आजोबांच्या गुडघ्यांसाठी. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा काठीशिवाय खोलीपर्यंत चालत गेले तेव्हा म्हणाले, “डॉक्टरपेक्षा ही टाकी बरी. पथ्य सांगत नाही.” मला कोण आनंद झाला! पण कौतुक टबाचं झालं. हीटर कोणाला दिसतो? पहिल्या वर्षी टबाची जाळी दर आठवड्याला धुतली जायची, मग महिन्याने, मग कोणी धुवेना. जाळी तुंबून पाण्याचा जोर मंदावला, माझ्या अंगावर क्षारांची पांढरी पुटं चढली. त्यांच्याखाली मी तापतच राहिले आणि एक दिवस तडकले. चीर केसाएवढी, पण पाणी आत शिरायला तेवढी पुरते.

मला ओरडता येत नाही. माझ्या वतीने भिंतीवरचा सेफ्टी स्विच ओरडायचा. वीज पाण्यात गळू लागली की तो खाडकन पडायचा आणि टबाची वीज तोडायचा. चार दिवस हेच चाललं. टब सुरू केला की दहा मिनिटांत खाड! आजोबा टॉवेल खांद्यावर टाकून परत फिरायचे.

शुक्रवारी दुपारी काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. चिमणीचा हा काका घरचा अर्धा इंजिनियर; त्याने पंखा दुरुस्त केला की दोन स्क्रू उरलेच म्हणून समजा. त्याने स्विच वगळून वायरी सरळ जोडल्या आणि टब सुरू केला.

दहा मिनिटं झाली. पंधरा. वीज माझ्यातून पाण्यात उतरत होती आणि मला ती धरून ठेवता येत नव्हती. आजोबा आले. कानातलं ऐकायचं मशीन काढून त्यांनी स्टुलावर ठेवलं. टॉवेलची घडी घातली. एरवी त्यांच्या संथपणाचा मला कंटाळा यायचा. त्या दिवशी वाटलं, आजोबा, अजून एक घडी घाला हो.

स्वयंपाकघरात आई चिमणीला भरवत होती. तिचा हात मध्येच थांबला.

“भावोजी, आज तो स्विच पडला नाही?”

“आता कसला पडतोय, वहिनी! डायरेक्ट जोडून दिलंय. कटकट संपली.”

तिच्या हातातली वाटी पडली. “अहो, पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलं होतं वायरमनने!”

“मग सांगायचं ना!”

“आप्पा!” सासऱ्यांना हाक मारत ती गच्चीच्या दाराशी धावली. त्यांना ऐकूच गेलं नाही. एक पाय पायरीवर, दुसरा पाण्यावर उचललेला. तिथवर पोचणं शक्य नव्हतं. ती गर्रकन वळली आणि पॅसेजमधला मेन स्विच दोन्ही हातांनी खाली ओढला.

पंप थांबला. त्याच क्षणी आजोबांचा पाय पाण्यात पडला.

“अरे, बुडबुडे कुठे गेले?” ते म्हणाले.



शनिवारी वायरमनने मला बाहेर काढलं आणि माझी चीर काकाला दाखवली. “चार दिवस स्विच बोंबलत होता, साहेब. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा घातलात.”

“त्यांना नका बोलू,” आई म्हणाली. “निरोप माझ्याकडे होता.”

आता मी वायरमनच्या पिशवीत असते. नवं घर आलं की तो मला काढून दाखवतो. मित्रांनो, जाळी धुवा, पडणारा स्विच गप्प करू नका, हे तर मी सांगेनच. पण आधी एक करा. तुमच्या घरात आत्ता कोणी आंघोळीला गेलंय का? गिझरच्या पोटातही माझ्यासारखीच कॉइल असते. मग हे वाचणं इथेच थांबवा. उठा, गिझरचं बटण बंद आहे ना बघा, आणि दारावर टकटक करून ‘सगळं ठीक ना?’ विचारा. आतून उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.