बिबड्यांचं प्रतिज्ञापत्र

“शिक्का मारण्याआधी खोकी उघडली होती का?” कंपनीच्या वकील शैलजाबाईंनी विचारलं.

“डबा उघडला व्हता,” चिंधा अहिरे म्हणाला आणि घाम पुसू लागला.

सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात तो सोळा वर्षं स्टोअरकीपर होता. भिवंडीच्या व्यापाऱ्यानं धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या पाठवल्या, त्या मशीनवर चढताच पिचल्या. चार दिवसांनी तक्रारीचं पत्र धाडून कंपनीनं पैसे अडवले. व्यापाऱ्यानं नोटीस ठोकली: एकवीस दिवसांत पैसे द्या, नाहीतर कंपनीच मोडीत काढायचा अर्ज करतो. तसा त्यानं मुंबईच्या हायकोर्टात केलाही. सोबत माल पोचवल्याची चलानं जोडली. प्रत्येकावर चिंधाचा ठसठशीत शिक्का होता, ‘माल तपासून घेतला’.

“चिंधाभाऊ, खरं काय ते सांगून टाका,” मॅनेजर सावे काकुळतीला आले. “एकशेतीस माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.”

खरं ते अगदीच घरगुती होतं. ट्रकवर भगवंत होता, चिंधाच्याच गावचा, साक्रीकडचा. गाववाला ड्रायव्हर आला की घरचं काहीबाही येतंच. त्या दिवशी आईनं बिबड्यांचा डबा धाडला होता. ज्वारीच्या त्या पापडांचा वास आला आणि आमच्या चिंधाचं भान सुटलं. एका हातानं बिबडी मोडत दुसऱ्या हातानं तो धडाधड शिक्के मारत सुटला. खोकं एकही उघडलं नाही. आईच्या गुडघ्यांची चौकशी मात्र कसून केली.

शैलजाबाईंनी हे सगळं प्रतिज्ञापत्रात उतरवलं, बिबड्यांसकट.

टोकरखाड्याच्या भाड्याच्या खोलीत त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, कपाळाला हात लावला. “सोळा वरीस नाव कमाडं, आन आते कोर्टमा सांगशात, मी न देखताच शिक्का मारा?”

“नही सांगं तर कंपनी जाई. मंग खासूत काय?” असं म्हणून चिंधा स्वतःच जेवला नाही.

हायकोर्टात न्यायमूर्ती वाचता वाचता थांबले. “हे बिबड्या म्हणजे काय?”

व्यापाऱ्याचा वकील ताडकन उठला. पण तो निघाला जळगावचा. “फार चविष्ट असतात, मायलॉर्ड,” तो बोलून गेला आणि जीभ चावून खाली बसला. सगळं कोर्ट हसलं. चिंधाचे कान तापले.

मग निकाल आला. माल न तपासता घेतला गेला, त्यामुळे देण्याबद्दलचा वाद खरा आहे. व्यापाऱ्यानं साधा दावा लावावा, एवढ्यासाठी चालती कंपनी बंद करता येणार नाही. अर्ज फेटाळला.

बाहेर येताच सावेंनी चिंधाला मिठीच मारली. तो मात्र शैलजाबाईंपाशी घुटमळत राहिला.

“बाई, जिंकलो ना आता? मग न बघता शिक्का मारल्याचं ते वाक्य खोडता येईल का?”

“नाही हो. ते रेकॉर्डला गेलं. आता राहणारच.”

सोळा वर्षांत हजारो खोकी त्यानं स्वतः उघडून, आत हात घालून पाहिली होती. त्याबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं. चिंधाला फार वाईट वाटलं.

“मग त्याच्याखाली एवढं तरी लिहा ना, बाई,” तो म्हणाला, “की हे एकदाच झालं.”