खिडकीवरची चार बोटं

त्र्यंबक सोहोनीने ते वाक्य हसत हसत टाकलं. त्या क्षणी त्याच्या बायकोच्या, शरयूच्या, हातातली गरम कॉफी त्याच्या डोक्यावर गेली नाही, याचं श्रेय तिच्या संयमाला कुणी देऊ नये. कपांवर झाकणं घट्ट बसली होती, एवढंच.

रेने साधा प्रश्न विचारला होता, तुमच्या घराचा पहिला हिवाळा कसा गेला म्हणून. रे म्हणजे त्यांच्या ओंडक्यांच्या घरवाल्या मंडळींतला वडीलधारा, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. जत्रेच्या फाटकाबाहेर, मोटारींपाशी, बाकीची मंडळी उभी होती. त्यांच्यासमोर त्र्यंबक म्हणाला, "हाउस इज ग्रेट. फक्त ओंडक्यांमध्ये फटी पडल्यात. बोट जातं आत. शरयूचं स्क्राइबिंग, यू नो. शी वॉज इन अ हरी."

सगळे समजूतदारपणे हसले. त्यांच्यातला डॉन तर "होतं असं" म्हणाला. शरयूने कॉफ्या एकेकाच्या हातात दिल्या. त्र्यंबकची कॉफी मात्र तिने त्याच्या हातात न देता मोटारीच्या टपावर ठेवली, त्याचा हात पोचणार नाही अशी.

इलिनॉयच्या मध्यावर, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात दर सप्टेंबरात शेतीची ती अवाढव्य जत्रा भरे. ट्रॅक्टर, कापणी-मळणीची कंबाइन यंत्रं, बियाण्यांचे तंबू, पत्र्याचे कणगे, आणि त्यातून वाट काढणारी टोप्यांची गर्दी. एका कोपऱ्यात लाकूडवाल्यांचं गाव असे : चेनसॉ, ओंडके ओढायची यंत्रं, शेकोटीच्या भट्ट्या. ही मंडळी तिथे यायची ती बघायला, आणि त्याहून महत्त्वाच्या कामासाठी. ओंडक्यांची घरं बांधायला शिकवणाऱ्या एका उन्हाळी कोर्समध्ये ती एकत्र आली होती आणि त्यांनी रीत पाडली होती, की प्रत्येकाच्या घराच्या भिंती सगळ्यांनी मिळून उभ्या करायच्या. पुढचं घर कुणाचं, आणि त्यात कुणी काय करायचं, हे जत्रेत दुपारच्या जेवणाला ठरे. या वर्षी पाळी रेच्या घराची होती, आणि त्याच्या घराचं स्क्राइबिंग शरयूने करायचं हे गेल्या वर्षीच सगळे धरून चालले होते.

स्क्राइबिंग हे त्या घरातलं सगळ्यात नाजूक काम. खालच्या ओंडक्याचे उंचवटे, खड्डे, गाठी दोन टोकांच्या कंपासने वरच्या ओंडक्यावर उतरवायचे, आणि तेवढंच लाकूड कोरून काढायचं. मग वरचा ओंडका खालच्यावर असा बसतो की मध्ये पोस्टकार्ड सरकू नये. शरयू शॉमबर्ग या उपनगरात दातांची डॉक्टर होती. दातावर टोपी बसवताना केसाएवढी चूक झाली तरी पेशंट दुसऱ्या दिवशी गाल धरून परत येतो, हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या जमिनीवर तिने तीन उन्हाळे एकेका ओंडक्यावर पोटावर पडून रेघा मारल्या होत्या. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा याच मंडळींनी सांध्यांत नखं घालून पाहिली होती आणि नख गेलं नव्हतं.

आणि या जूनमध्ये फटी दिसल्या होत्या. खिडक्यांच्या मधल्या भिंतीत, वरच्या बाजूला, सरळ बोट जाईल अशा. तेव्हापासून शरयूचं मन थाऱ्यावर नव्हतं. आपलंच कुठे चुकलं, हे ती शोधत बसली होती. अख्खा जुलै शिडीवर उभी राहून तिने फटींत तागाचा दोर ठोकला होता, आणि ठोकताना स्वतःलाच शिव्या दिल्या होत्या. त्र्यंबक खालून म्हणायचा, "असू दे गं, फर्स्ट टाइम आहे." त्या प्रेमळ स्वराने तिचं डोकं जास्त फिरायचं. पण घरातलं बोलणं घरात होतं. आज त्याने ते चव्हाट्यावर आणलं होतं.

जत्रेत शिरल्यावर त्र्यंबक जो सुटला तो पहिल्या कंबाइनच्या केबिनमध्येच जाऊन बसला. एअर कंडिशनर, रेडिओ, गादीची खुर्ची! वरून तो तिला हात हलवत होता. शरयूने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यात रे तिच्या बरोबरीने चालू लागला. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांना वाईट बातमी सांगताना घसा साफ करावा लागतो.

"मी विचार करत होतो," तो म्हणाला, "आमच्या घराचं स्क्राइबिंग डॉनला करू दे. तुला तेवढाच आराम. तू डलोरेसबरोबर साली सोलायला ये, गप्पा होतील."

डलोरेस ही रेची बायको. साली सोलणं हे नवशिक्यांचं काम. शनिवारी सहज बघायला आलेल्या पाहुण्यालाही ते देत. शरयूला वाटलं, दवाखान्यातून आपल्याला उठवून बाहेर पेशंटच्या बाकावर बसवलं. "बघू," एवढंच ती बोलली, कारण त्यापुढचा शब्द बोलली असती तर आवाज फुटला असता, आणि रडायचं तिला मुळीच नव्हतं. तिला कुणाला तरी बदडायचं होतं.

लाकूडवाल्यांच्या कोपऱ्यात एका घरवाल्या कंपनीने भिंतीचा एक तुकडा मांडला होता, त्यात खिडकी बसवलेली. खिडकीच्या चौकटीच्या वर आणि वरच्या ओंडक्याच्या खाली चार बोटं जागा मोकळी सोडली होती. लोकांना दिसावी म्हणून झाकायची फळीसुद्धा काढून ठेवली होती. त्र्यंबक एव्हाना कंबाइनवरून उतरून तिथे पोचला होता. त्याने त्या मोकळ्या जागेत हात घातला आणि शरयूकडे वळून मराठीत म्हणाला, "बघ, यांचंही माप चुकलंय! तुझ्यासारखंच."

"माझ्यासारखं काय?"

"आपल्या खिडक्यांवर एवढीच गॅप राहिली होती ना? तू मोठी भोकं कापलीस, आणि वर फळ्या मारून झाकलीस. मी म्हटलं, जाऊ दे, बोलून कशाला तुला हर्ट करा. तू नागपूरला गेली होतीस ना ऑक्टोबरमध्ये, तेव्हा सगळ्या फळ्या काढल्या, आत थंडीसाठी भरलेली लोकर काढली, आणि ओकच्या पाचरी ठोकून पॅक करून टाकल्या. सहाच्या सहा खिडक्या. एकदम सॉलिड! फळ्या परत जशाच्या तशा. तुला कळलंसुद्धा नाही." तो समाधानाने हसला. "तुझी चूक झाकली मी, यार."

शरयूच्या डोक्यात जूनपासून घोटाळणारी प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली, आणि मग जो राग आला तो सकाळच्या रागाचा बाप होता.

"अहो," ती म्हणाली. रागावली की तिचं 'अहो' फार सावकाश यायचं. "ती गॅप मी ठेवली होती."

"म्हणजे?"

"ओंडके ओले असतात. वाळले की आक्रसतात. अख्खी भिंत खाली बसते. खिडकीची चौकट बसत नाही. म्हणून वर जागा सोडायची, भिंतीला खाली यायला. कोर्समध्ये एक अख्खा तास यावर होता, आणि तुम्ही तो तास फोनच्या बूथमध्ये ऑफिसशी बोलत काढलात. तुम्ही पाचरी ठोकल्यात म्हणून वरचे ओंडके खिडक्यांच्या डोक्यावर लटकून राहिले, खालचे बसले, आणि मध्ये फटी पडल्या. ते माझं स्क्राइबिंग नव्हे. त्या तुमच्या पाचरी आहेत."

"पण लाकूड इतकं कसं..."

"तुम्ही पूल बांधता ना? पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये फट कशाला ठेवता? उन्हाळ्यात पोलाद वाढतं म्हणून. त्या फटीचा हिशेब करायचा पगार घेता तुम्ही! त्यात कुणी पाचर ठोकली तर काय कराल?"

त्र्यंबकचा चेहरा उतरला. हुशार होता तो, त्यात शंका नको. एकदा पूल म्हटल्यावर त्याला सगळं एका दमात कळलं. त्याने त्या मांडलेल्या खिडकीकडे पाहिलं, मग बुटांकडे. "अरे बापरे," तो म्हणाला. आणि मग इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून : "बरं बाई, चुकलं माझं. सॉरी. पुढच्या वीकेंडला जाऊन सगळ्या काढतो. झालं?"

"नाही झालं."

"आता आणखी काय?"

"सकाळी मला नालायक ठरवलंत ते सगळ्यांसमोर, इंग्रजीत, मोठ्याने. आणि माफी मराठीत, कानात? इथे मराठी कळणारी मी एकटी आहे. मला तर आता कळलंच आहे, माझं चुकलं नव्हतं."

"शरयू, या लोकांपुढे तमाशा नको ना. काय म्हणतील? इंजिनियर आहे मी."

"मी पण डॉक्टर आहे. आणि मला साली सोलायला बसवलंय."

जेवणाच्या तंबूत लांब टेबलाभोवती मंडळी जमली. भाजलेली कणसं आली, लोण्यात बुडवलेली. त्र्यंबक कणसात तोंड घालून बसला. शरयू त्याच्या समोर हाताची घडी घालून बसली. तिचं कणीस तसंच पडलेलं. ओंडके आणायचं काम ठरलं, पायाचं ठरलं, छपराचं ठरलं. दर कामाला ती नवऱ्याकडे बघे आणि तो दर कामाला आणखी एक घास घेई. त्या कणसावर दाणे उरले नव्हते, तरी तो चावत होता.

"स्क्राइबिंग, डॉन," रे म्हणाला.

शरयूने टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर लाथ मारली. हळू नव्हे.

"ॲक्चुअली," त्र्यंबक घाईघाईने म्हणाला, "त्या फटींचं कारण सापडलं. वुई हॅड अ स्मॉल प्रॉब्लेम. खिडक्यांवरची जागा, ती आम्ही थोडी..."

"आम्ही?" शरयूने मराठीत विचारलं. "मी नागपुरात होते."

भाषा कळली नाही तरी स्वर सगळ्यांना कळला. त्र्यंबकने कणीस खाली ठेवलं, रुमालाने तोंड पुसलं, आणि अखेर इंग्रजीत, सकाळच्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "मी बुजवली. सहाही खिडक्यांवर. ओकच्या पाचरी ठोकून. तिला न सांगता. तिचं स्क्राइबिंग परफेक्ट होतं."

त्यावर जो हशा उठला, तो शेजारच्या ट्रॅक्टरच्या तंबूत ऐकू गेला असेल. डॉनने टेबलावर बुक्क्या मारल्या. "आणि हा पूल बांधतो!" असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्र्यंबकचे कान लाल झाले. रे हसून हसून डोळे पुसत म्हणाला, "चला, काही बिघडलं नाही. शरयू, मग स्क्राइबिंग तुझ्याकडे. पुढचं काम..."

"बिघडलंय," शरयू म्हणाली.

ती इंग्रजी बोलताना कधी आवाज चढवत नसे. आत्ताही चढवला नाही, पण हसणं थांबलं.

"माझ्या नवऱ्याला लाकूड कळत नाही. ठीक आहे, त्याचं मी बघून घेईन. पण तुम्हाला कळतं. माझ्या प्रत्येक सांध्यात तुम्ही स्वतः नखं घालून पाहिलीत. फटी पडल्या म्हटल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा? खिडकीवर जागा किती सोडली? ते तुम्हा सगळ्यांना येतं, रे, कोर्सच्या पहिल्या आठवड्यापासून येतं. एकानेही विचारलं नाही. त्याने कॉफी पिता पिता एक वाक्य टाकलं, आणि कॉफी संपायच्या आत तुम्ही माझं काम डॉनला दिलं. डॉनच्या भिंतीत फटी पडल्या असत्या, तर विचारलं असतं."

डॉन कागदाच्या प्लेटची कड दुमडत बसला. रेने टोपी काढून टेबलावर ठेवली. "खरं आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं. म्हणूनच म्हणतो, ते काम तुझंच."

"सकाळी न विचारता काढून घेतलंत. आता न विचारता देताय. मी काय तुमच्या अवजारांच्या पेटीतला पटाशी-हातोडा आहे?" शरयू म्हणाली. "विचारा मला."

रे ओशाळला. आयुष्यभर वर्गापुढे उभा राहिलेला माणूस, पण त्याला उठून उभं राहायला वेळ लागला. "डॉक्टर सोहोनी," तो म्हणाला, "आमच्या घराचं स्क्राइबिंग तुम्ही कराल का?"

शरयूने समोरचं कणीस उचललं. ते गार झालं होतं, लोणी थिजलं होतं. तिने ते एका टोकापासून खायला घेतलं, ओळीने, एकही दाणा न सोडता, आणि दात कसे वापरावेत हे त्या टेबलावर तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रे उभाच होता. त्र्यंबकने "अगं, बोल ना" असं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, तिने लक्ष दिलं नाही. सगळं कणीस संपल्यावर तिने बोटं पुसली.

"करीन," ती म्हणाली.

संध्याकाळी त्र्यंबक मोटारीपाशी आधी जाऊन पोचला. गाडीचं दार तिच्यासाठी त्याने स्वतः उघडलं. असं त्याने लग्नानंतर कधी केलं नव्हतं. "गेला ना आता राग?" त्याने विचारलं.

"त्यांच्यावरचा गेला," शरयू म्हणाली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.