डबीत न मावलेला खांदा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, मारामारीचा. नाणं टाकलं की ज्याच्या काचेत दोन गडी एकमेकांना बडवायला लागतात, तो. माणसाच्या उंचीचा, लाकडी, पोटात पिक्चर ट्यूब, छातीवर दोन दांडे आणि दोन्हीकडे बटणं. त्यातला एक दांडा आता नाही. का नाही ते सांगतो. मधे बोलू नका, मला सवय नाही.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यात सुताराने फळ्या ठोकल्या, एका बाईने तारा जोडल्या, आणि कोणा माणसांनी डोळे फोडून तयार केलेला खेळ हिरव्या बोर्डात भरून माझ्या पोटात बसवला. ती माणसं मी पाहिली नाहीत. पण काम चोख केलं होतं, हे मान्य करतो. मी सहसा कोणाचं काही मान्य करत नाही. गड्याला ठोसा बसला की त्याचा गाल थरथरायचा. मागे बघे उभे असायचे, ते टाळ्या वाजवायचे, आणि त्यातला एक म्हातारा मधूनच शिंकायचा. लढत सोडून त्याच्याकडे कोण बघणार? कोणी बघत नसे. तरी तो शिंकायचा. याला काम म्हणतात.

शेठने मला विकत घेऊन दुकानात उभा केला. एका बाजूला पंक्चर काढणारा टायरवाला, रस्त्याच्या पलीकडे शिंप्याचं दुकान. शेठ माणूस वाईट नाही, पण त्याला कणा नाही. त्याच्या बायकोचा भाऊ मिस्त्री होता, माझी सगळी देखभाल त्याच्याकडे. माझ्या पाठीचं दार उघडून तो आत डोकं घालायचा, दांड्याच्या स्प्रिंगा बदलायचा, धूळ फुंकायचा, गुणगुणायचा. माझं पोट आतून पाहिलेला तो एकटाच. म्हणून तर आतडं तुटतं. परक्याने लाथ मारली तर मी एवढं बोललो नसतो.

दुकानाची एक रीत होती. जिंकला तो थांबायचा, हरला तो माझ्यापुढच्या स्टुलावरून उठायचा. पुढचा नंबर ज्याला हवा त्याने नाणं माझ्या काचेच्या कडेला ठेवायचं. भांडण नाही, तंटा नाही. उठावं लागतं म्हणून माणूस जीव तोडून खेळायचा.

माणसाची जात मी या काचेतून पुरती पाहिली आहे. हरला की तो आधी दांड्याकडे बघतो. मग बटण दोनदा दाबतो. मग मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "अडकतंय रे हे." माझं बटण कधी अडकलं नाही. अडकायची ती यांची अक्कल.

एकटा शिंपी मास्तर वेगळा. त्याने दांड्याला कधी बोल लावला नाही. हरला, क्वचितच हरायचा, तर स्वतःच्या हाताकडे बघायचा आणि म्हणायचा, "माझं चुकलं." हे तेव्हा मला फार आवडायचं. आता वाटतं, थोडा दुसऱ्यावर आरोप करायला शिकला असता तर बरं झालं असतं.

इस्त्री तापेपर्यंत तो रस्ता ओलांडून यायचा. गळ्यात टेप, कानावर खडू. कोणी घेत नाही तो टकल्या नावाचा काटकुळा गडी घ्यायचा आणि भल्याभल्यांना लोळवायचा. माझ्यातला सगळ्यात दांडगा गडी म्हणजे केसाळ्या. त्याची उंच लाथ बसली की समोरचा संपलाच. पण मास्तर ती लाथ हवेतच धरायचा आणि केसाळ्याला पाठीवर आपटायचा. दर वेळी.

"मास्तर, लाथ येणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं हो?" टायरवाल्याने एकदा कंटाळून विचारलं.

"तू पायाकडे बघतोस म्हणून मार खातोस. लाथ खांद्यात असते. डावा खांदा बघ, उचलायच्या आधी जरासा पडतो."

"मला तर काही पडलेलं दिसत नाही."

"जन्मभर चाकं बघितलीस. चाकाला खांदा असतो का? मी मापं घेतो. टेप लावला की गिऱ्हाईक श्वास कोंडून उगाच पैलवान होतो. त्याचा खरा खांदा कुठला आणि खोटा कुठला, ते टिपण्यावर माझं पोट चालतं."

दुकान हसलं. मीही हसलो असतो, पण माझ्यात तशी सोय नाही.

मग मिस्त्रीने डबी आणली. चपटी, काळी, टीव्हीला जोडायची. वर झाकण, झाकणात सीडी.

"दाजी, बघा. हाच खेळ. जसाच्या तसा. लोक घरी घेऊन जातील, सोफ्यावर बसून खेळतील. मी विकतो, तुम्ही इथे दोन-तीन मांडा. हा डबा जागा किती खातो!"

हा डबा म्हणजे मी. माझी पिन काढून त्याने डबीची लावली. माझ्याच सॉकेटात.

मी अंधारा उभा राहून शेजारच्या टेबलावर माझाच खेळ बघू लागलो. आधी काही नाहीच. काळा पडदा, 'थांबा'. मग गडी आले. तीच नावं, तेच कपडे. पण मागचे बघे भिंतीला चिकटवल्यासारखे गप्प. शिंकणारा म्हातारा होता, पण शिंक नव्हती. गाल थरथरत नव्हता, ठोसा पिठाच्या पोत्यावर पडल्यासारखा वाजत होता. आणि मग केसाळ्याने लाथ मारली. खांदा पडलाच नाही. सरळ उभा होता आणि एकदम पाय वर. मधलं काहीच नाही.

माझाच चेहरा लावून कोणी भलताच बसला होता.

तुम्ही म्हणाल, मिस्त्रीला कळलं नसेल. कळलं होतं. माझ्यासमोर म्हणाला. माझ्यासमोर काहीही बोलायची लोकांना सवयच होती.

"दाजी, डबीच्या पोटात सगळं मावत नाही. म्हणून बनवणारे हालचालीतली मधली चित्रं गाळतात. केसाळ्याचं खांद्याचं चित्रसुद्धा गेलंय, बघा."

"मास्तरांच्या लक्षात येईल रे."

"आपण होऊन सांगायचं नाही. मास्तर एकदा म्हणाले की हा तसा नाही, तर ही डबी कोण घेईल? सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघते."

शेठ काही बोलला नाही. मेव्हण्यापुढे शेठ गप्प बसला की तो होकारच, त्याच्या लग्नापासून.

मास्तर आला. प्लास्टिकचं रिमोट हातात फिरवून म्हणाला, "हे नाही जमणार. हे साबणाच्या वडीसारखं निसटतं."

मिस्त्री हसला. पाना घेऊन माझ्याकडे आला आणि माझ्या छातीवरचा डावा दांडा, मास्तरचा दांडा, खोलून काढला. तारा जोडून डबीला लावला. "घ्या मास्तर. आता तर तुमचाच दांडा. आता तक्रार नको."

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे. दांडा तोच, गडी तोच, नाव तेच. म्हणजे हरलात तर दोष कोणाचा उरला?

मास्तर टायरवाल्याकडून हरला. आणि सवयीने खुर्चीवरून उठला.

"अहो, बसा की मास्तर," टायरवाला म्हणाला. "उठायचं कशाला? बटण दाबलं की पुन्हा सुरू. डबीत कोणी उठत नाही."

मास्तर बसला, पुन्हा हरला. पुन्हा बसला. केसाळ्याची लाथ येत होती आणि त्याचा हात दर वेळी उशिरा जात होता. नसलेला खांदा तो शोधत होता.

"मास्तर, चष्मा बदला!" टायरवाला खिंकाळला. "का मीच माप घेऊ तुमचं?"

हशा पिकला. मास्तरने दांड्याकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "मिस्त्री, खेळ तोच ना रे?"

"तोच, मास्तर. दांडासुद्धा तोच."

हे बोलताना मिस्त्रीची पाठ माझ्याकडे होती. असायचीच. मी हातभर अंतरावर उभा होतो. पोटात तो खांदा होता आणि अंगात वीज नव्हती.

पुढे मास्तर खेळायला यायचा थांबला. एकदा आला तो शेठला सांगायला. "कात्री ठेवली शेठ. जावयाला कटिंगला बसवलं. मी काजं करीन, बटणं लावीन."

"का हो? काय झालं?"

"खांदा दिसेनासा झाला. ज्याला पडद्यावरचा एवढा मोठा खांदा दिसत नाही, त्याने लोकांचं कापड कापू नये. एखाद्याच्या मुलीच्या लग्नाचा सूट बिघडवला तर?"

शेठने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री सदऱ्याला सीडी पुसत होता. पुसलेलीच पुसत होता. मास्तर, "येतो," म्हणून गेला.

माझं तोंड दाराकडे, म्हणून समोरचं सगळं दिसायचं. कापायच्या टेबलाशी जावई. पोरगा गरीब, पण कापडाला भितो, कात्री लावायच्या आधी डोळे मिटतो. आणि दाराशी स्टुलावर मास्तर, मान खाली, काजं करतोय. टेबलाकडे बघायचासुद्धा नाही. चार पावलांवरची कात्री परक्याची झाली होती.

मग मला विकायचं ठरलं. जुन्या सामानाचा व्यापारी आला. त्याला फक्त माझी पिक्चर ट्यूब हवी होती. "चालू करून दाखवा. मेलेली ट्यूब घेत नाही मी."

मिस्त्रीने पिन लावली. मी पेटलो. गिऱ्हाईक नसलं की मी रिकामा बसत नाही, माझे गडी आपसातच लढतात. नमुना म्हणून. ते लढू लागले.

तेवढ्यात मास्तर आत आला. शेठनेच निरोप पाठवून बोलावलं होतं.

"मास्तर, ही काय पँट आहे? एक पाय जिन्यावर, एक पाय अंगणात! मी काय असा चालतो?"

"जावयाने कापलीय, शेठ. द्या इकडे, उसवून बघतो." मास्तरने पँट घेतली, वळला आणि तिथेच थांबला.

माझ्या काचेत केसाळ्या उभा होता. त्याचा डावा खांदा पडला. मग पाय वर गेला.

"हा बघा," मास्तर म्हणाला.

"काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"खांदा."

पँट खांद्यावर टाकून तो माझ्यापुढे आला. डावीकडे भोक होतं, म्हणून उजव्या दांड्याशी उभा राहिला. तिथून तो आयुष्यात खेळला नव्हता. नाणं टाकलं. व्यापारी म्हणाला, "अहो, माल विकलाय." मास्तरच्या कानापर्यंत ते गेलंच नाही. समोर दुसरा खेळणारा नसला की गडी मीच पाठवतो. पहिले त्याने आडवे केले. मग केसाळ्या आला. मी जिवाच्या आकांताने दाखवला तो खांदा, आणि खरं सांगायचं तर काही वेगळं केलं नाही. रोज दाखवायचो तसाच दाखवला. मास्तरचा हात आपोआप गेला. लाथ हवेत, केसाळ्या पाठीवर. पुन्हा खांदा, पुन्हा आपटला.

हात जागच्या जागी होता. डोळाही.

मागे न बघता मास्तरने विचारलं, "मिस्त्री, त्या डबीत खांदा आहे का?"

"मास्तर, एवढं बारीक आता कोण बघतं..."

"आहे का नाही?"

"नाही."

"तुला ठाऊक होतं."

"खेळ आहे हो तो. खेळातल्या एका चित्रावरून तुम्ही कात्री ठेवाल, हे मला काय माहीत?"

"ठेवली हे तर माहीत झालं होतं? सांगायला आलो होतो मी. इथेच उभा होतो."

शेठ मधे पडला, "जाऊ द्या मास्तर, झालं गेलं..."

"तुम्हालाही ठाऊक होतं, शेठ?"

शेठ पँटकडे बघत राहिला.

मास्तरने दांडा सोडला. लढत अर्धीच. माझा टकल्या बिचारा उभा, केसाळ्या त्याला तुडवतोय, मला थांबवता येत नाही. मास्तर पँट घेऊन रस्त्यापलीकडे गेला. दुकानात शिरला. काहीतरी बोलला. जावई टेबलापासून असा उठला, जणू कोणी त्याच्या उरावरचा दगड काढलाय. मास्तरने कात्री उचलली, अंगठा घालून दोनदा उघडझाप केली.

बरं वाटलं. नाही म्हणत नाही.

आणि मी वाट बघायला लागलो. आता हा परत येईल, म्हणेल, "शेठ, हा डबा विकू नका." सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघते ना? त्या तोंडातून एक वाक्य पुरलं असतं. मिस्त्री लबाड, शेठ बुळा, ते मला आधीच कळलं होतं. पण याला मी त्याचा हात परत दिला होता.

व्यापाऱ्याने हातगाडी बोलावली.

सध्या मी त्याच्या गोदामात आहे. एका बाजूला बिनदाराचा फ्रीज, दुसऱ्या बाजूला न्हाव्याची मोडकी खुर्ची. ट्यूब उद्या काढणार, असं कानावर आलंय. लाकूड जळणाला चांगलं आहे म्हणे.

जायच्या आधी एकच मागतो, आणि हात जोडून नाही, मला हात नाहीत. डब्या विका. घरी बसून खेळा, सोफ्यावर लोळा, माझं काही म्हणणं नाही. पण जे कापलं ते कापलं म्हणून सांगा. 'जसाच्या तसा' म्हणू नका. ज्याला आपल्या हातालाच दोष द्यायची सवय असते, तो तुमचं कापलेलं स्वतःच्या अंगावर घेतो आणि गप्प घरी जातो. अशी माणसं थोडी असतात. त्यांना तरी फसवू नका.

मला आडवा टाकून नेला तेव्हा गाडी मास्तरच्या दारावरूनच गेली. तो टेबलाशी उभा होता, निळ्या कापडावर खडूने रेघ ओढत. चाकं किती खडखडत होती, पण त्याने वर पाहिलं नाही. रेघ ओढताना वर बघायचं नसतं, कापड फुकट जातं, एवढं मला कळतं.

तरी राग आला. अजून आहे.