निळ्या उजेडाची फुशारकी

मी बोलतोय तो दातांच्या दवाखान्यातल्या एका कपाटातून. कपाटावर सहा फुटी काचेची टाकी, टाकीत मासे आणि टाकीसमोर गालाला रुमाल लावून बसलेली माणसं. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी बघायचं ते सोडून भलतंच बघितलं.

मी यूव्ही स्टरिलायझर. हातभर लांबीचं काळं नळकांडं, पोटात काचेची नळी, नळीत निळी पेटणारी ट्यूब. टाकीतलं पाणी एका तोंडाने माझ्यात शिरतं, ट्यूबभोवती फिरतं आणि दुसऱ्या तोंडाने परत टाकीत जातं. तेवढ्या प्रवासात पाण्यातले रोगजंतू माझ्या किरणांनी मरतात. काम एवढंच, पण ते इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावून सांगावं लागलं की कारखान्यात मला बांधलं ते जंतूंसाठी की माणसांसाठी, असा प्रश्न मला पडतो.

कारखान्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. एकीने नळी बसवली, दुसऱ्याने रबराची रिंग चढवली, तिसऱ्याने पाणी भरून गळती तपासली आणि चौथ्याने जांभई देत मला खोक्यात कोंबलं. खोक्यावर एका सुंदर माशाचं चित्र होतं. सोबत एक पुस्तिका होती, आणि ती जाता येता वाचली गेली असती तर मला आज तोंड उघडावं लागलं नसतं.

मग मी माशांच्या दुकानात मांडणीवर बसलो आणि तिथे मला गिऱ्हाइकांची जात कळली. माणूस मासा निवडायला तासभर लावतो. शेपटी बघतो, रंग बघतो, बायकोला फोन करून विचारतो. आणि तो मासा ज्या पाण्यात जगणार त्या पाण्याची गोष्ट निघाली की घड्याळात बघायला लागतो.

एक दिवस आमचे डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, पन्नाशीचे, पांढराशुभ्र शर्ट, बोलण्यात कमालीचा आत्मविश्वास.

"सगळ्यात मोठा यूव्ही दाखवा," ते म्हणाले.

"टाकी किती लिटरची आहे, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"मोठी आहे."

"मोठी म्हणजे किती?"

"अहो, भिंतभर आहे!"

डॉक्टरांच्या मागे हातात पिशवी घेऊन एक बाई उभ्या होत्या. दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या हळूच म्हणाल्या, "पंधरा लिटरच्या बादलीने बेचाळीस बादल्या. मीच भरते."

दुकानदाराने मान डोलावली आणि मला खाली काढलं. "मग हा पुरेल. फक्त पंप हळू ठेवा. पाणी आत जितकं रेंगाळेल तितके जंतू मरतील. धो धो सोडलंत तर जंतू नुसते आत फिरून बाहेर येतील."

"मला सांगू नका," डॉक्टर हसले. "निर्जंतुक करणं हा माझा रोजचा धंदा आहे."

ज्याला एक गोष्ट नीट येते त्याला बाकीच्या सगळ्या येतात, असा एक गैरसमज माणसांत पसरलेला आहे. डॉक्टरांना तो पुरता जडला होता.

मला बसवलं डॉक्टरांच्या मेव्हण्याने. तो पाइपांतलं काही शिकलेला नव्हता, पण त्याने मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले होते आणि हल्ली तेवढं पुरतं. त्याने आधी मला उलटं जोडलं. पाणी जायचं तिथून येऊ लागलं. मग जोडांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप विसरला, तेव्हा कपाटात तळं साचलं. दोन पेशंट पाय वर घेऊन खुर्चीत बसले. शेवटी सगळं जुळलं तेव्हा गड्याने पंप पूर्ण सोडला.

"बघा दाजी, काय फोर्स आहे!"

"वा!" डॉक्टर म्हणाले. "अरे, पण हा निळा उजेड दिसतोय त्या जोडातून. कपाटाचं दार उघडंच ठेवू. लोकांना कळू दे."

दोघं चहाला गेल्यावर ताईंनी वाकून पंपाची कळ निम्म्यावर आणली, कपाटातलं पाणी फडक्याने टिपलं आणि ओली पुस्तिका खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली. वाळल्यावर ती वाचून काढली. बसल्या जागी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या घरातला, म्हणजे दवाखान्यातला, डोकं वापरणारा माणूस कोण ते मला त्याच दिवशी कळलं.

टाकीत मुकादम होता. ऑस्कर जातीचा मासा, तळव्यापेक्षा मोठा, काळ्या अंगावर नारिंगी डाग. बारा वर्षांपूर्वी ताईंनी त्याला बोटाएवढा असताना आणलं होतं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला काचेपर्यंत येऊन नीट न्याहाळायचा, म्हणून मुकादम. ताई काउंटरवरून उठल्या की त्या जातील त्या टोकाला तो जायचा, बसल्या की टाकीच्या काउंटरकडच्या टोकाला परत यायचा. ताईंना घरी कुणी नव्हतं. त्या तसं कधी बोलल्या नाहीत, पण सुट्टीच्या दिवशीही "मुकादमाला घास घालून येते" म्हणून दवाखाना उघडणाऱ्या बाईबद्दल वेगळं काय सांगायला हवं?

माझं पहिलं वर्ष चांगलं गेलं. पाणी आरशासारखं झालं. श्रेय अर्थातच डॉक्टरांनी घेतलं. दाढेला भूल चढेपर्यंत पेशंटला उठवून कपाटापाशी आणायचे. "हे बघा, यूव्ही. एक जंतू जिवंत राहत नाही." पेशंटचा अर्धा ओठ बधिर, तो बिचारा "व्हा, व्हा" करायचा. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? कौतुकाने फुगायला हाडामांसाचं असावं लागत नाही.

पण या कौतुकातून एक वेडेपणा निघाला. पूर्वी नवीन मासा आला की ताई त्याला पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवायच्या. काही रोग असला तर तिथेच दिसायचा. डॉक्टरांनी तो टब उचलून माळ्यावर टाकला.

"आता यूव्ही आहे. टबबिब कशाला?"

"डॉक्टर, तो पाण्यातल्या जंतूंना मारतो. माशाच्या अंगावर आधीच बसलेल्यांना नाही."

"ताई, तुम्ही अपॉइंटमेंट बघा."

ताईंचं खरं होतं. पण पगार देणाऱ्याचा आवाज नेहमीच जरा जास्त खरा वाटतो.

वर्ष झालं तेव्हा ताईंनी पुस्तिका काढली. "इथे लिहिलंय, ट्यूब पेटलेली दिसली तरी बारा महिन्यांनी बदलावी."

डॉक्टरांनी कपाटात डोकावून बघितलं. "जळतोय की व्यवस्थित! जळता दिवा कुणी बदलतं का? कंपन्यांचे खपवायचे धंदे आहेत हे."

दोन महिन्यांनी ताईंनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा डोकावून बघितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ताईंनी विचारलं नाही.

आता जे सांगतो ते मला तेव्हाच माहीत होतं. माझा निळा उजेड डोळ्यांना दिसतो, पण मारणारा किरण तो नव्हे. तो दिसतच नाही. उजेड वर्षानुवर्षं टिकतो, किरण वर्षभरात विझत जातो. जंतू माझ्या पोटातून फेरफटका मारून धडधाकट बाहेर पडू लागले होते. आणि मी मात्र दार उघडं ठेवलेल्या कपाटात निळाशार झळकत होतो. पेशंट "व्हा, व्हा" करत होते.

विसाव्या महिन्यात डॉक्टर सात चंदेरी चपटे मासे घेऊन आले. नव्या खुर्चीच्या गादीला शोभतात म्हणून. पिशवी उघडली आणि थेट टाकीत सोडले. ताई उभ्या राहिल्या, माळ्यावरच्या टबाकडे बघून परत बसल्या.

आठवड्याने मुकादमाच्या कल्ल्यावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले. तो दगडाला अंग घासू लागला.

"डॉक्टर, पांढरे ठिपके आलेत. हा रोग पसरतो. इलाज सुरू करू का?"

"यूव्ही आहे ना चालू?"

"चालू दिसतोय."

"मग होईल बरं. दोन दिवस बघू."

दोनाचे पाच दिवस झाले. ठिपके कल्ल्यांवरून अंगभर गेले. पाचव्या दिवशी दुपारी, तीन पेशंट बसलेले असताना, ताई पुस्तिका घेऊन थेट आतल्या खोलीच्या दारात गेल्या. मी त्यांचा आवाज एवढा वर गेलेला कधी ऐकला नव्हता.

"डॉक्टर, तुम्ही रोज लोकांना काय सांगता? दुखत नाही म्हणजे दात चांगला असं समजू नका. वरून पांढरा दिसला तरी आतून पोखरलेला असतो. सांगता की नाही?"

"सांगतो. पण त्याचं आत्ता..."

"मग हा दिवा वरून निळा दिसतो म्हणून तो चांगला, हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत? माझ्याकडे पुस्तक आहे. हे घ्या."

खुर्चीतल्या पेशंटने तोंडातला कापूस सांभाळत मान वळवली. डॉक्टरांनी हातमोजे काढले, पुस्तिका घेतली आणि वाचली. वीस महिन्यांत पहिल्यांदा. वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण त्या पडलेल्या चेहऱ्याचा मुकादमाला काय उपयोग?

दुकानदाराने फोनवर सांगितलं की पाणी हळूहळू गरम करा, मीठ घाला, ट्यूब मागवतो, चार दिवस लागतील. ताईंनी त्याच तासाला मीठ विरघळवलं आणि हीटर वाढवला. दर दोन तासांनी त्या तापमान बघायच्या. ज्यांच्या अंगावरून रोग आला ते चंदेरी मासे दोन दिवसांत तरतरीत झाले. तरुण होते आणि निर्लज्जही. मुकादमाने खाणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी तो टाकीच्या ज्या कोपऱ्यात माझं पाणी परत पडतं तिथे आला. त्या धारेत तोंड घालून उभा राहिला. कल्ले भराभर उघडत मिटत होते. ताई काचेला हात लावून म्हणाल्या, "बघा, बाळाला अजून वाटतंय, स्वच्छ पाणी इथूनच येतं."

मी आयुष्यभर माणसांना हसलो. बायकोला विचारून मासा निवडणाऱ्याला हसलो, चार व्हिडिओ बघून कारागीर झालेल्याला हसलो, डॉक्टरांना तर पोट धरून हसलो. पण त्या धारेतून मी मुकादमाला काय पाठवत होतो ते माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. जसं आत आलं तसंच पाणी. तेच जंतू, निळ्या उजेडात न्हाऊन निघालेले. तो विश्वासाने तोंड पुढे करून उभा होता आणि मी झळकत होतो. कुणीतरी माझी वायर उपटावी असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. तिरस्कार करायला एवढी माणसं शोधली, आणि सगळ्यात मोठा फुशारकीबाज कपाटात बसला होता.

चारच्या सुमारास त्याचे कल्ले थांबले. तो त्या धारेतच हळूहळू आडवा झाला.

डॉक्टर बाहेर आले. टाकीकडे बघून म्हणाले, "वय झालं होतं त्याचं."

"वय ट्यूबचं झालं होतं, डॉक्टर," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, स्टूल ओढलं आणि दोन्ही हातांनी मुकादमाला स्वतः बाहेर काढलं. शर्ट भिजला. त्यांनी तो भिजू दिला. मग ताईंसमोर उभे राहून म्हणाले, "मी ऐकायला हवं होतं." माझ्या माहितीत हे त्यांचं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी ट्यूब आली. ताईंनी मला उघडलं, काचेच्या नळीवर चढलेला चुन्याचा थर पुसून काढला, नवी ट्यूब बसवली आणि माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख लिहिली. डॉक्टरांनी टब माळ्यावरून उतरवला आणि स्वतः घासून ठेवला. मग बटण दाबलं.

डॉक्टर गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिले. "काहीच फरक दिसत नाही," ते म्हणाले.

"नाहीच दिसत," ताई म्हणाल्या, आणि काउंटरवर जाऊन बसल्या. टाकीच्या काउंटरकडच्या टोकाला कुणी आलं नाही.

आता माझ्यात पुन्हा ताकद आहे. जंतू मरतात, चंदेरी मासे ऐटीत फिरतात, कपाटाचं दार बंद असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर एवढंच सांगतो, माझा उजेड बघून निर्धास्त होऊ नका आणि मला विचारूही नका. तारीख बघा. मी नेहमीच पेटलेला दिसतो. मुकादम मेला तेव्हाही मी पेटलेलाच होतो.